कृत्रिम गवताचं लॉन : पाणी द्यावं लागत नाही, पण निगा राखावीच लागते

वर्धा : लग्नाचं लॉन, क्रिकेटचं टर्फ, शाळेचा कोपरा, हॉटेलसमोरची जागा, नाहीतर नव्या घराची गच्ची. हिंगणघाट, आर्वी, पुलगावपासून मोठ्या गावांपर्यंत आता प्लास्टिकचं हिरवं गवत दिसू लागलं आहे. विकणारा सांगतो, "एकदा टाका अन् विसरून जा." पाणी नको, कापणी नको, खत नको, हे खरंच आहे. पण विसरून गेलं तर दोन-तीन उन्हाळ्यांत हेच गवत चपटं, पांढुरकं आणि वास मारणारं होतं. नीट निगा राखली तर चांगल्या प्रतीचं गवत आठ-दहा वर्षं सहज टिकतं.

आपल्या जिल्ह्यात या गवताला चार गोष्टींचा त्रास असतो : मे महिन्याचं ऊन, काळ्या मातीची धूळ, बोअरचं खारं पाणी आणि लग्नसराईतली सांडलवंड. या चारही गोष्टींवर उपाय आहेत आणि बहुतेक घरच्या घरी होतात. लक्षात एवढंच ठेवायचं की कृत्रिम गवताला पाण्यापेक्षा ब्रश जास्त लागतो.

तुमचं गवत कोणतं, ते आधी ओळखा

हे गवत नवीन नाही. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरातल्या ॲस्ट्रोडोम या छत असलेल्या स्टेडियममध्ये १९६६ साली ते टाकलं गेलं आणि तिथूनच 'ॲस्ट्रोटर्फ' हे नाव जगभर पसरलं. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकीही याच गवतावर आली. आपल्याकडे सध्या तीन प्रकार दिसतात.

१) चटईसारखं पातळ गवत : उंची साधारण १० ते १५ मिलिमीटर. मंडप, स्टेज, दुकान, बाल्कनी यासाठी वापरतात. गुंडाळून ठेवता येतं.

२) बागेचं गवत : उंची २५ ते ४० मिलिमीटर. घर, हॉटेल, लॉन यासाठी. पाती उभी राहावीत म्हणून बऱ्याचदा यात बारीक वाळू भरतात.

३) खेळाचं टर्फ : उंच पाती, त्यात वाळू आणि अनेक ठिकाणी काळे रबराचे दाणे. हे दाणे बहुतेक वेळा जुन्या टायरांपासून केलेले असतात.

पाती पॉलिइथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची असतात. ती खालच्या कापडात ओवून मागून लॅटेक्स किंवा पॉलियुरेथेनचा थर दिलेला असतो. पाणी जायला त्या थराला भोकं असतात. ही भोकं बुजली की अर्ध्या तक्रारी तिथूनच सुरू होतात.

सगळ्यात मोठी गोष्ट : ऊन

खरं गवत पानांतून पाणी सोडतं, म्हणून उन्हातही गार राहतं. प्लास्टिकला ती सोय नाही. त्यामुळे हवेचं तापमान ४५ अंश असेल तेव्हा भर उन्हातलं कृत्रिम गवत ६० अंशांच्या पुढे सहज जातं. काळे रबराचे दाणे असतील तर आणखी तापतं. एवढ्या तापलेल्या गवतावर लहान मुलाचा अनवाणी पाय भाजू शकतो. रांगणाऱ्या बाळाचं तर बोलायलाच नको.

म्हणून मुलांना सोडण्याआधी हाताची पाठ सात सेकंद गवतावर टेकवून पाहा. चटका बसून हात उचलावा लागला, तर ते गवत मुलांसाठी नाही. मार्च ते जून या काळात सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतरच त्यावर खेळणं बरं. चप्पल-बूट घालणं सक्तीचं करा.

पाणी मारलं की गवत गार होतं, पण थोडा वेळच. पाणी उडून गेलं की पुन्हा तापतं. उन्हाळ्यात ज्या गावात टँकरची वाट पाहतात, तिथे गवत गार करायला पाणी ओतणं कुणालाच पटणार नाही. त्यापेक्षा नर्सरीत वापरतात ती हिरवी शेडनेट वर बांधा. सावली मिळते आणि उन्हाने पाती ठिसूळ होण्याचा वेगही कमी होतो. झाडाची सावली असेल तर उत्तमच, मग पानं झाडायची तयारी ठेवा.

काळी माती आणि पाया

पायाच कच्चा असेल तर वरून कितीही साफसफाई करा, उपयोग नाही. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. तिच्यावर थेट गवत अंथरलं तर एका वर्षात खालून उंचवटे-खड्डे तयार होतात, जोड उघडतात आणि पाणी साचतं.

योग्य पद्धत अशी : वरची सहा ते आठ इंच काळी माती काढा. त्यात मुरूम भरून चांगला दाबा. त्यावर गिट्टी आणि शेवटी चुरीचा पातळ थर द्या. प्रत्येक दहा फुटांना साधारण सव्वा इंच उतार ठेवा आणि पाणी नालीकडे काढा. गच्चीवर टाकत असाल तर आधी वॉटरप्रूफिंग आणि उतार तपासा. जुनं गवत कुठे दबलं असेल, तर तेवढा भाग उचलून खालची चुरी सारखी करता येते. सगळं काढायची गरज नसते.

झाडणं : आठवड्यातून एकदा, कोरडं

मोठी चूक इथेच होते. धूळ दिसली की लोक लगेच पाइप लावतात. काळ्या मातीच्या धुळीवर पाणी पडलं की चिखल होतो, तो पातीच्या बुडाशी जातो आणि भोकं बुजवतो. म्हणून पहिला नियम : आधी कोरडं झाडा, मग लागलंच तर पाणी.

– ब्रश लांब दांड्याचा, प्लास्टिकच्या ताठ केसांचा घ्या. तारेचा ब्रश पाती तोडतो. तुराट्यांच्या खराट्याचे तुकडे गवतात अडकतात. फुलझाडूने पाती उभी राहत नाहीत.

– पाती ज्या बाजूला झुकली आहेत, त्याच्या उलट दिशेने ब्रश चालवा. जोर लावून घासू नका, छोटे-छोटे फटके मारा. पाती उभी राहतात, बुडातली धूळ वर येते.

– पानं, कागद, कापसाची रुई आधी हाताने किंवा ब्लोअरने काढा. दिवाळीनंतर कापूस निघतो, जिनिंग सुरू होतात, तेव्हा हिंगणघाटसारख्या ठिकाणी उडणारी रुई पातीला चिकटून बसते. ती ओली झाली की बोळा होऊन बसते, म्हणून कोरडी असतानाच काढा.

– ज्या जागेवरून जास्त ये-जा होते, तिथे आठवड्यातून दोनदा ब्रश करा. खुर्च्या, सोफे यांची जागा मधूनमधून बदला.

– घरचा व्हॅक्यूम क्लीनर वाळू भरलेल्या गवतावर चालवू नका. वाळूच ओढली जाते.

धुणं : महिन्यातून एकदा पुरे

झाडून झालं की साध्या पाण्याचा हलका फवारा मारा. पाणी वरून सुरू करून उताराच्या दिशेने नेत चला. साबण दर वेळी लागत नाही. तीन महिन्यांतून एकदा बादलीभर पाण्यात दोन चमचे भांडी घासायचं लिक्विड टाका, ब्रशने हलकं फिरवा आणि फेस पूर्ण जाईपर्यंत धुवा. साबण राहिला तर त्यावर धूळ आणखी चिकटते.

बोअरचं पाणी खारं असेल तर वाळल्यावर पातीवर पांढरा थर दिसतो. शक्य असेल तर शेवटचं पाणी नळाचं किंवा साठवलेल्या पावसाचं मारा. थर बसलाच असेल तर व्हिनेगर, म्हणजे सिरका, आणि पाणी समप्रमाणात घेऊन फवारा, दहा मिनिटांनी ब्रश करा आणि धुऊन टाका.

गाड्या धुवायचं प्रेशर मशीन वापरायचं असेल तर जपून. नोझल किमान एक फूट लांब आणि तिरपा धरा, धार पसरट ठेवा. जोडावर थेट धार मारली की गोंद सुटतो आणि वाळू उडून जाते.

डाग कसे काढायचे

सांडलेलं वाळण्याआधी टिपून घेतलं तर निम्मं काम होतं. घासण्याआधी जुन्या सुती कापडाने टिपा.

रस्सा, तर्री, तूप, तेल : टिपून घ्या, भांड्यांच्या लिक्विडचं कोमट पाणी टाका, ब्रश करा, धुवा. उकळतं पाणी नको.

हळद : हळदीच्या कार्यक्रमानंतर कपड्यांच्या साबणाने घासलं की डाग लाल होतो. घाबरू नका, क्षार लागला की हळद लाल होतेच. लिक्विडने धुऊन ती जागा उन्हात मोकळी ठेवा. हळदीचा रंग उन्हाने उडतो.

खर्रा आणि पान : पिंक पडली की लगेच थंड पाणी ओता. वाळली तर लिक्विडचं पाणी दहा मिनिटं ठेवून घासा. खरा उपाय म्हणजे गेटवरच थुंकायला वाळूचा डबा आणि पाटी.

जिलबी, बुंदी, सरबत : साध्या पाण्याने लगेच धुवा. गोड राहिलं की मुंगळ्यांची रांग लागते.

च्युइंगगम, मेण : बर्फाची पिशवी ठेवून कडक करा आणि चमच्याने खरवडा. मेण काढायला इस्त्री फिरवू नका, खालचं गवतच वितळेल.

गुलाल, होळीचा रंग : आधी कोरडा झाडा. पाणी शेवटी.

डिझेल, ऑइल : जनरेटरखाली ट्रे ठेवणं हाच उपाय. तेल मागच्या थरापर्यंत गेलं तर तो नरम पडून पाती सुटू शकतात.

वास येत असेल तर

कुत्री, मांजरी, बकऱ्या आणि लहान मुलं यांच्यामुळे वास येतो. मातीत लघवी जिरते, प्लास्टिकमध्ये ती बुडाशी साचून राहते. विष्ठा आधी कोरडी उचला. मग भरपूर पाणी मारा. त्यानंतर व्हिनेगर-पाण्याचं समप्रमाण मिश्रण फवारून पंधरा मिनिटांनी धुवा. तरीही वास राहिला तर दुसऱ्या दिवशी कोरड्या गवतावर खायचा सोडा भुरभुरा, रात्रभर ठेवा, सकाळी झाडून धुवा. दोन्ही एकत्र टाकू नका, एकमेकांचा परिणाम मारतात.

या तीन गोष्टी कधीच करू नका

पहिली, शेतातला फवारणी पंप वापरू नका. १६ लिटरचा पंप घराघरात आहे, म्हणून तोच धुऊन वापरायचा मोह होतो. पण कीटकनाशकाचा किंवा तणनाशकाचा अंश टाकीत, नळीत आणि नोझलमध्ये राहतो. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. ज्या गवतावर लेकरं लोळतात, तिथे शेतातला पंप नकोच. साफसफाईसाठी छोटा नवा पंप वेगळा ठेवा आणि त्यावर रंगाने खूण करा. कडेला उगवलेलं गाजरगवत आणि हराळीही हातानेच उपटा.

दुसरी, ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र करू नका. ब्लीचिंगवर टॉयलेट क्लीनर किंवा व्हिनेगर पडलं की क्लोरीन वायू निघतो. तो श्वासात गेला तर जिवावर बेतू शकतं. शिवाय ब्लीचिंगने गवताचा रंग उडू शकतो.

तिसरी, आग जवळ आणू नका. हे प्लास्टिक सव्वाशे अंशांच्या आसपास वितळतं. बिडीचं थोटुक, उदबत्ती, फटाका, शिगडी, गरम कढई यातल्या कशानेही भोक पडतं. आचाऱ्याची भट्टी गवतापासून लांब मातीवरच मांडा. दिवाळीत पणत्या ताटात ठेवा.

पावसाळ्यात

मृग लागण्याआधी नाल्या, भोकं आणि कडा तपासा. पावसानंतर अर्ध्या तासात पाणी उतरलं पाहिजे. नाही उतरलं तर तिथे ब्रश करा, तरीही साचलं तर खालचा पाया पाहावा लागेल. सावलीच्या आणि ओल्या जागी शेवाळ धरतं आणि माणूस घसरतो. साबणाच्या पाण्याने घासून ती जागा हवेशीर ठेवा. वर टाकलेली ताडपत्री दिवसेंदिवस तशीच ठेवू नका.

सुटलेल्या कडा लगेच खिळे किंवा गोंदाने बसवा. पावसाळ्यात अशा पोकळीत विंचू शिरू शकतो. कड उचलताना नुसता हात घालू नका, आधी काठीने उचलून पाहा.

टर्फ चालवणाऱ्यांसाठी

गोलंदाज जिथून धावतो आणि फलंदाज जिथे उभा राहतो, तिथली वाळू सगळ्यात आधी सरकते. आठवड्यातून एकदा त्या जागी वाळू परत पसरवून ब्रश करा. वाळू कमी झाली की पाती झोपतात आणि लवकर तुटतात. प्रत्येक बॅचनंतर पाच मिनिटं फेरी मारून बाटल्या, पुड्या उचला. चिखलाचे बूट गेटवर पायपुसण्यावर झाडायला लावा.

रबराचे दाणे पावसाच्या पाण्याबरोबर नालीत आणि तिथून शेतात जातात. ते कुजत नाहीत. युरोपीय संघाने २०२३ मध्ये नियम करून अशा दाण्यांची विक्री ऑक्टोबर २०३१ पासून बंद करायचं ठरवलं आहे. आपण निदान नालीच्या तोंडाला बारीक जाळी बसवावी आणि अडकलेले दाणे परत मैदानात टाकावेत. नवीन टर्फ करत असाल तर फक्त वाळूवर भागतं का, हे आधी विचारा.

टर्फवर घसरून गुडघा सोलवटला तर जखम साबण-पाण्याने धुवा. टीटीचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

लग्नाच्या लॉनवाल्यांसाठी

मंडपाचे खिळे आणि टाचण्या गवतात दिसत नाहीत, पायात मात्र जातात. जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून कार्यक्रमानंतर सगळ्या लॉनवर फिरवा, खिळे आपोआप चिकटतात. ट्रॅक्टर-टेम्पो गवतावर आणू देऊ नका. जड सोफा, स्टेजचे पाय यांच्याखाली प्लायचा तुकडा ठेवा. जेवणाच्या पंगती शक्यतो फरशीवर बसवा. भाडे घेतानाच सफाईची अट कागदावर लिहून घेतली तर नंतर वाद होत नाही.

वर्षाचं वेळापत्रक

– रोज : पानं, कचरा, विष्ठा उचलणं.
– आठवड्याला : कोरडा ब्रश, उलट दिशेने.
– महिन्याला : साधं पाणी, कडा आणि जोड पाहणं.
– फेब्रुवारी-मार्च : कडुनिंबाची पानगळ, झाडणं वाढवा. होळीनंतर रंग काढा.
– एप्रिल-मे : शेडनेट, वावटळीची धूळ, दुपारी मुलांना बंदी.
– जूनच्या आधी : नाल्या आणि उतार.
– पावसाळा : शेवाळ, तण, विंचू.
– दिवाळीनंतर : साबणाने मोठी धुलाई, लागेल तशी वाळू भरणं, मग लग्नसराई.

नेहमीचे प्रश्न

चपटं झालेलं गवत पुन्हा उभं राहतं का? बऱ्याचदा राहतं. उन्हात थोडं तापल्यावर उलट दिशेने ब्रश करा आणि वाळू भरा. पण पाती हातात घेतल्यावर चुरा होत असेल, तर ती उन्हाने संपली आहेत.

घेताना काय पाहावं? उन्हाने खराब न होण्याची हमी किती वर्षांची, ती लेखी मागा. नमुना उलटा करून भोकं पाहा, पाती ओढून पाहा. पक्कं बिल घ्या.

अंगणवाडीत टाकावं का? सावली असेल, दुपारी वापर नसेल आणि रोज झाडायला माणूस असेल तरच. यातलं एकही नसेल तर शेणाने सारवलेलं किंवा साध्या मातीचं अंगण मुलांना जास्त सुखाचं.

जुनं गवत जाळू नका. त्याचा धूर विषारी असतो आणि वितळलेलं प्लास्टिक जमिनीत राहतं. धुऱ्यावर किंवा गोठ्यातही टाकू नका, जनावरं तुकडे चघळतात. चांगले तुकडे कापून पायपुसणी करा, उरलेलं प्लास्टिक भंगारवाल्याला विचारा किंवा नगरपरिषदेच्या, ग्रामपंचायतीच्या कचरागाडीत द्या.